अनियमित हृदयगतीची औषधे आणि श्वासाचा त्रास: अमिओडेरोन, बीटा ब्लॉकर की अन्य पर्याय?

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून औषध सुरू झाले आणि त्यानंतर खोकला, छातीतली घरघर किंवा जिना चढताना लागणारी धाप मागे लागली, तर हा त्रास औषधाचाच आहे का आणि असल्यास त्याऐवजी काय घ्यावे, हे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. ही औषधे श्वासाला प्रामुख्याने दोन वेगळ्या मार्गांनी त्रास देतात. काहींमुळे श्वासनलिका आवळल्या जातात. हा परिणाम बहुधा सुरुवातीच्या मात्रांतच किंवा मात्रा वाढवल्यावर जाणवतो आणि औषध शरीराबाहेर गेले की ओसरतो. काहींमुळे मात्र फुप्फुसाच्या ऊतींनाच हळूहळू सूज येते. ती महिन्यांनी, कधी वर्षांनी लक्षात येते आणि उशीर झाल्यास फुप्फुसाचा काही भाग कायमचा कडक होऊन बसतो. ‘दम लागतो’ ही तक्रार दोन्हीकडे सारखीच असली, तरी पर्यायी औषध निवडताना हा फरक सर्वांत आधी स्पष्ट व्हायला हवा.

अमिओडेरोन आणि ड्रोनेडेरोन

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरू लागण्याच्या विकारात, ठोक्यांची लय टिकवून ठेवण्याच्या बाबतीत गोळ्यांपैकी सर्वांत प्रभावी औषध अमिओडेरोन हेच आहे आणि हृदय कमकुवत झालेल्या रुग्णालाही ते देता येते. म्हणूनच धोके ठाऊक असूनही डॉक्टर त्याकडे वळतात. या औषधाच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो. ते चरबीत विरघळते आणि फुप्फुस, यकृत, थायरॉइड, त्वचा व डोळ्यांत साठत जाते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी ५८ दिवस लागतात. पूर्वी दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा दिली जाई, तेव्हा काही रुग्णगटांत १० ते १७ टक्क्यांपर्यंत लोकांना फुप्फुसाचा दाह झाल्याची नोंद आहे. आज एट्रियल फिब्रिलेशनसाठी देखभालीची मात्रा बहुधा २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे धोका बराच घटला आहे, पण संपलेला नाही. वय साठीच्या पुढे असणे, फुप्फुस आधीपासून दुबळे असणे आणि औषध दीर्घकाळ चालू असणे या गोष्टी तो वाढवतात.

या दाहाची लक्षणे फसवी असतात. कोरडा खोकला, वाढत जाणारी धाप, बारीक ताप आणि घटणारे वजन असे चित्र असल्याने तो न्यूमोनिया समजला जातो आणि प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात. माझ्या मते अमिओडेरोन घेणाऱ्याने ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: दोन-तीन आठवड्यांत न जाणारा खोकला साध्या सर्दीच्या खात्यावर टाकू नये आणि खोकल्यासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास या गोळीचे नाव आधी सांगावे. औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची कार्यक्षमता तपासून ठेवली असेल, तर पुढे तुलना करता येते. विशेषतः फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो हे मोजणारी डीएलसीओ चाचणी आधीच्या तुलनेत १५ ते २० टक्क्यांनी घसरली, तर संशय बळावतो आणि एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन, करावा लागतो. निदान झाल्यास औषध थांबवून बहुधा स्टिरॉइड दिले जाते, आणि तेही काही महिने, कारण ऊतींत साठलेले अमिओडेरोन सावकाश बाहेर पडत असते. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूलतज्ज्ञांना या औषधाची कल्पना देणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत फुप्फुसाचा दाह अचानक उफाळतो.

ड्रोनेडेरोन हे अमिओडेरोनच्याच रचनेवरून, पण आयोडीन वगळून तयार केलेले औषध आहे. ते शरीरातून काही दिवसांत निघून जाते आणि फुप्फुसाचा दाह त्यात क्वचितच आढळतो. परंतु लय राखण्यात ते कमी पडते, आणि एट्रियल फिब्रिलेशन कायमस्वरूपी झालेल्या तसेच निकामी हृदयाचा त्रास नुकताच बळावलेल्या किंवा हृदय गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णांना ते देऊ नये, असे २००८ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून स्पष्ट झाले. त्यामुळे ज्यांना अमिओडेरोनचा पर्याय सर्वाधिक हवा असतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ही वाट बंदच असते.

दमा असलेल्यांसाठी वेगळा हिशेब

दम्याच्या रुग्णाची अडचण नेमकी उलट असते, कारण त्याच्या दृष्टीने पहिला धोका श्वासनलिका आवळण्याचा असतो. प्रोप्रॅनोलॉल आणि सोटॅलॉल ही बीटा ब्लॉकर गटातील, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी करणारी औषधे श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे बीटा-२ ग्राहीही (पेशींवरील संदेश घेणारे बिंदू) अडवतात, त्यामुळे दमा उसळतोच, शिवाय सालब्युटामॉलचा पंपही नीट काम करत नाही. म्हणून दम्यात ती टाळली जातात. लय राखणाऱ्या प्रोपाफेनोनमध्येही हा गुण सौम्य प्रमाणात असतो, आणि ज्यांचे यकृत ते औषध सावकाश पचवते त्यांच्यात तो अधिक जाणवतो. मेटोप्रोलॉल आणि बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधे मुख्यतः हृदयावर काम करतात. बहुधा धूम्रपानामुळे होणाऱ्या सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या आजारात, ती बहुतेकांना सोसतात, दम्यात मात्र कमी मात्रेपासून आणि देखरेखीखालीच त्यांचा विचार करावा लागतो, कारण मात्रा वाढली की त्यांची ही निवडक वृत्ती उरत नाही.

केवळ ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवायचा असेल, तर दम्याच्या रुग्णासाठी डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल हे मला अधिक सरळ उत्तर वाटते. ती श्वासनलिका आवळत नाहीत. मात्र हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ४० टक्क्यांच्या खाली असल्यास ती देत नाहीत. तशा हृदयात त्यांच्यामुळे पाणी साचून धाप वाढू शकते, म्हणजे फुप्फुस वाचवायला जाऊन श्वास पुन्हा अडतो. डिगॉक्सिन फुप्फुसाला त्रास देत नाही आणि कमकुवत हृदयातही चालते, पण चालताना-धावताना वाढणारा वेग ते फारसा रोखू शकत नाही आणि मूत्रपिंड मंदावले असल्यास त्याची मात्रा जपून ठरवावी लागते.

लय राखणारे फ्लेकेनाइड श्वासनलिकांसाठी बरे आहे, तरी धाप लागल्याची तक्रार त्याबरोबरही नोंदली जाते. आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा हृदयाच्या रचनेत दोष असलेल्यांनी ते घेऊ नये. कॅथेटर अॅब्लेशन (नळी हृदयापर्यंत नेऊन बिघाड करणारा भाग निष्क्रिय करणे) केल्यास गोळ्या कमी होऊ शकतात, पण तेही श्वासाच्या बाबतीत पूर्ण निर्धोक नाही: क्वचित फुप्फुसाकडून येणारी शीर अरुंद होते किंवा श्वासपटलाची नस दुखावते, आणि धाप किंवा खोकला कधीकधी काही महिन्यांनी सुरू होतो.

दोष औषधावर टाकण्यापूर्वी

औषध बदलण्याआधी इतर कारणे तपासणे हिताचे असते. लय पुन्हा बिघडली, ठोके फारच मंदावले किंवा हृदय निकामी होऊ लागले, तरी दम लागतोच. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आतून थोडे थोडे रक्त जात असेल तर रक्तक्षय होतो, आणि अमिओडेरोनमुळे थायरॉइड बिघडला तरी श्वास अपुरा वाटतो. सोबत रक्तदाबाचे रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर कोरड्या खोकल्याचे मूळ अनेकदा तिथेच सापडते, आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या टिकाग्रेलोरमुळे लागणारी धाप तर सुपरिचित आहे. ईसीजी, इकोकार्डिओग्राम, हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच चाचणी आणि छातीचा एक्स-रे या साध्या तपासण्यांतून यातील बरेचसे उलगडते.

गोळी मनाने थांबवू नये, विशेषतः बीटा ब्लॉकर, कारण ते एकाएकी बंद केल्यास ठोके उसळतात. मात्र बसल्या जागी दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

अमिओडेरोन सोडून दुसऱ्या औषधाकडे जायचे ठरले, तरी जुने औषध पुढचे काही महिने शरीरात काम करतच राहते. त्या काळात डिगॉक्सिनची मात्रा साधारण निम्मी ठेवावी लागते, रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वरचेवर तपासावा लागतो, सोटॅलॉल ईसीजीतील क्यूटी अंतर (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून पुन्हा सज्ज होण्याचा काळ) पूर्ववत होईपर्यंत सुरू करता येत नाही, आणि या अवधीत नव्याने आलेला खोकलाही जुन्या गोळीचा असू शकतो हे गृहीत धरूनच तपासणी करावी लागते.