वही की डबी? फवारणाऱ्याच्या अंगात किती औषध गेलं, हे कसं धरायचं

प्रबंधाचा विषय ठरला, गाव ठरलं. आता अंगात गेलेली मात्रा वहीतल्या हिशोबानं काढायची की डबीत लघवी घेऊन मोजायची, इथंच अडलंय, असं दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतं. मी दोन्ही करून बसलोय. शिरोळ तालुक्यात, वांग्याच्या रानात, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारणाऱ्या मजुरांवर. त्यामुळे माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

वही स्वस्त. पंप किती, औषधाची टोपणं किती, तास किती, उडालेलं औषध टिपायला अंगावर चिकटवलेल्या पट्ट्यांवर किती बसलं. गुणाकार-भागाकार केला की दर किलो वजनामागं मिलिग्रॅमचा आकडा तयार. डबीला बर्फ लागतो, नैतिकता समितीची परवानगी लागते, लॅबचं बिल वेगळंच. शिवाय परक्या माणसाकडं लघवी मागायची म्हणजे आशाताईंना बरोबर घेतल्याशिवाय दारात कुणी उभं करत नाही. पैशाचीच अडचण असेल तर वही घ्या, वाईट काही नाही.

माझीही वही छान भरत होती. मग एका सकाळी बांधावर बसून एका दादांची फवारणी बघितली. तिसऱ्या पंपाला नोझल तुंबलं. त्यांनी ते फिरवून काढलं, ओठांत धरलं, जोरात फुंकलं, बाजूला थुंकले आणि परत बसवलं. "दादा, हे रोजचंच?" म्हटलं, तर म्हणाले, "व्हय की. त्याबिगर पंप चालतोय व्हय?" आदल्या आठवड्यात याच दादांनी 'औषध तोंडात जातं का' या प्रश्नाला 'न्हाई' असं उत्तर दिलं होतं. खोटं नव्हतं ते. त्यांच्या लेखी ते नोझल साफ करत होते.

माझा सगळा हिशोब कातडीवर. आणि कातडीवर पडलेल्या क्लोरपायरीफॉसपैकी जेमतेम एक ते तीन टक्के आत शिरतं. गिळलेल्यातलं मात्र ७० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं. म्हणजे जो रकाना सगळ्यात महाग, तोच मी आखला नव्हता. वहीची ही खोड मला काही केल्या सोसली नाही: आपण विचारलं तेवढंच ती सांगते.

डबीला विचारावं लागत नाही. औषध तोंडातनं जावो, घामातनं जावो, शरीर ते मोडून त्याचं टीसीपीवाय करतं आणि लघवीतनं बाहेर टाकतं.

अर्थात डबीही धुतल्या तांदळाची नाही. टीसीपीवाय साधारण २७ तासांत निम्मं होतं. सोमवारी मारलं आणि शुक्रवारी डबी घेतली तर हाती फारसं काही लागत नाही. भाजीवर उरलेलं औषध ताटात येण्याआधीच मोडून टीसीपीवाय झालेलं असतं, तेही आकड्यात मिसळतं. म्हणून फवारणीच्या आधीची एक डबी घ्याच. उन्हात तांब्यावर तांब्या पाणी प्यायलेल्याची लघवी पातळ, त्यासाठी क्रिएटिनिननं, म्हणजे स्नायूंतनं लघवीत येणाऱ्या पदार्थानं, भागाकार. पण मांस झडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिनच कमी, तिथं तो भागाकारही फसवतो. रक्तातल्या कोलिनएस्टरेजचा, म्हणजे या औषधानं दबणाऱ्या एन्झाइमचा, पर्याय आहे. पण माणसागणिक ते इतकं वेगळं असतं की ज्याचं त्याचं हंगामाआधीचं रक्त हवं. मी त्या वाटेला गेलो नाही.

तुमचा विषय बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटचा असेल तर गोष्ट वेगळी. पाणी तपासा, घागरी मोजा. तिथं वहीच पुरते. फवारणीचा असेल तर मी डबीकडं झुकेन. तरी बांधावर बसायचं सोडू नका. आकडा चढलाय एवढंच डबी बोलते, कुठून चढला ते तिला ठाऊक नसतं.

शेवटची डबी घेऊन झाल्यावर त्या दादांच्या पंपाला मी सुतळीनं एक जुना टूथब्रश बांधून आलो. पुढच्या खेपेला गेलो, तर त्यानं ते गाडीची चेन घासत बसले होते.