पंचवीस हजारांत पहिली हाय-फाय: अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह की जुना सेट?

सोलापुरात राहून, पंचवीस हजारांच्या आतबाहेर, पहिली चांगली स्टिरिओ सिस्टीम जुळवायची तर तीन वाटा समोर येतात. अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, साधे पॅसिव्ह स्पीकर आणि सोबत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, किंवा कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेला जुना सेट. माझं मत आधीच सांगतो. गाणं मन लावून ऐकायची ओढ असेल तर दुसरी वाट धरा. खोली लहान असेल आणि खिसा दहा-बारा हजारांचाच असेल तर पहिलीही उत्तम आहे. तिसरी वाट मात्र ज्यांच्या ओळखीत भरवशाचा मेकॅनिक आहे त्यांच्यासाठीच.

साउंडबार आणि होम थिएटर मी या तुलनेत घेतलेले नाहीत. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवले आणि आपण तेवढ्याच अंतरावर बसलो, की गाणारा बरोबर मधोमध उभा राहतो. रेकॉर्डिंग चांगलं असेल तर तबला एका बाजूला आणि हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, असं बैठकीचं चित्रच समोर येतं. एका लांबट डब्यातून हे साधत नाही. स्टिरिओ घ्यायचा तो याचसाठी.

आता अ‍ॅक्टिव्ह. या गटात एडिफायरचा आर-१२८०टी बहुतेकांच्या यादीत असतो. चार इंची वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा पडदा), दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी ताकद), मागे आरसीए इनपुटच्या, म्हणजे लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या, दोन जोड्या. ब्लूटूथ आणि ऑप्टिकल (टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या केबलने घेणारं इनपुट) हवं असेल तर त्याचाच डीबी प्रकार आहे. एका स्पीकरमध्ये सगळी यंत्रणा असते, दुसऱ्याला तिथूनच वायर जाते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच स्पीकरसाठी बनवलेला असल्याने जुळणीची चिंता नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, टेबलावर किंवा पलंगासमोर, तो मनापासून आवडेल असा वाजतो. अडचण पुढे येते. आतला बोर्ड गेला की स्पीकरही अडकून पडतो, आणि दोन वर्षांनी कान तयार झाले की सुटा भाग बदलता येत नाही. विकायचा तर सगळाच.

पॅसिव्ह जोडीत हे बंधन सुटतं, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. चांगला बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर किंवा स्टँडवर मावणारा, स्पीकर नीट सांभाळला तर वीस वर्षं आरामात वाजतो आणि त्यामागचे अ‍ॅम्प्लिफायर बदलत राहतात. त्यामुळे पैशांचा मोठा वाटा, निम्म्याहून जास्तच, स्पीकरवर घाला. पोल्क, व्हार्फडेल यांच्या सुरुवातीच्या जोड्या पाहा. सव्वापाच इंचांच्या आसपासचा वूफर मध्यम खोलीला पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणून सुरुवातीला फोसी किंवा आयमाचा छोटा क्लास-डी (कमी तापणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या प्रकारचा) डबा चालेल. भारतीय बनावटीचा नॉर्ज किंवा यामाहाचा ए-एस२०१ बजेटमध्ये बसवता आला, तर कित्येक वर्षं बदलायची गरज पडणार नाही.

वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. छोट्या डब्यावर ‘१०० वॅट’ छापलेलं असतं आणि सोबत अ‍ॅडाप्टर येतो २४ व्होल्टचा. आठ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप) स्पीकरला त्यातून चॅनेलमागे, म्हणजे दर स्पीकरला, स्वच्छ असे तीसेक वॅटच मिळतात. २४ चा वर्ग करून १६ ने, म्हणजे ओहमच्या दुपटीने, भागा, ३६ येतात, आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडे कमी. तेवढे भरपूर आहेत. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत तो किती मोठा वाजतो ते, बघा. एक ८५ डेसिबलचा आणि दुसरा ८८ चा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट वॅट लागतात. कमी ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरसोबत ८८ किंवा त्याहून जास्त आणि आठ ओहमचा स्पीकर घेतला की विषय संपला. घरात गाणं ऐकताना बहुतेक वेळ पाच वॅटसुद्धा खर्च होत नाहीत.

जुन्या सेटचा मोह मला समजतो. १९७० साली सुरू झालेल्या कोलकात्याच्या सोनोडाइनचे अ‍ॅम्प्लिफायर, जपानी डेक, लाकडी खोक्यांचे मोठे स्पीकर. पैशाच्या मानाने आवाज खरंच जास्त मिळू शकतो. पण घेण्याआधी जाळी काढायला लावा. वूफरभोवतीची कड फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. भुगा झाला तर ती बदलावी लागणार. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा. मोठी घरघर ऐकू आली तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता आहे. व्हॉल्यूमचं बटन फिरवताना होणारी खरखर क्लीनर मारून बहुधा जाते, तिला घाबरू नका. मग बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा उजवीकडे नेऊन दोन्ही ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारे छोटे पडदे) वाजतात का ते ऐका. विकणारा हे करू देत नसेल तर सरळ उठा.

आपल्या घरांबद्दल जास्त बोलायला हवं. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंनी गुळगुळीत भिंती, अशा खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती कणकण करत परत आली तर चाळीस हजारांचा स्पीकरही कर्कश वाटेल. जुन्या माळवदाच्या खोलीत हा त्रास कमी असतो. उपाय स्वस्त आहे: समोर जाड सतरंजी, खिडकीला भारी पडदा, बसण्याच्या मागच्या भिंतीवर गोधडी. सोलापुरी चादर टांगली तर वरचे सूर थोडे मऊ होतात, पण एकेरी टांगण्यापेक्षा चार घड्या घातल्या तर फरक जास्त पडतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. भिंतीपासून फूटभर पुढे ओढले की बेसचा गोंधळ निवळतो. ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. लोखंडी कपाट शेजारी असेल तर त्याची दारं ठरावीक सुरांना थरथरतात आणि दोष स्पीकरला जातो. दाराच्या फटीत कागदाची घडी सारा.

विजेचं थोडक्यात. अ‍ॅडाप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी-जास्त दाबाची फार काळजी नको. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुणतो, तेव्हा लाइट गेल्यावर तो बंदच ठेवा. घरात अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचं झाकण नको आणि बंद शोकेसही नको.

गाणी फोनवरून वाजवायची तर ब्लूटूथपेक्षा यूएसबी-सीचा छोटा डॅक (फोनमधल्या डिजिटल गाण्याचा स्पीकरजोगा सिग्नल करणारा डबा) आणि आरसीए केबल बरी. हजार-दीड हजारांत काम होतं. तबकडीची हौस पहिल्या वर्षी बाजूला ठेवा, कारण प्लेअर, सुई आणि फोनो स्टेज (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) मिळून स्पीकरचेच पैसे खातात.

निवड शेवटी कानानेच करावी. शहरात जोडी ऐकायला मिळाली नाही तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. मोठी खरेदी असेल तर तो दिवस वसूल होतो. जाताना तुमच्या रोजच्या ऐकण्यातली गाणी न्या. डग्ग्याचा घुमारा सुरात लांबतो की नुसताच धप्प वाजतो, तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या ऐकू येतात का, गाणाऱ्याचा ‘स’ टोचतो का, एवढं बघा. दोन जोड्या तोलताना आवाज दोन्हींचा सारखा ठेवायला सांगा, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो. घरी आणल्यावर वायर लावताना लालला लाल, काळ्याला काळी. एका बाजूची उलटी झाली तर मधला गायक विस्कटतो आणि बेस गायब होतो. वायर तांब्याची, १६ गेजची, मीटरवर मिळणारी पुरते.