दगडाच्या कडांना चकाकी : हातमशीन घ्यावे की स्वयंचलित यंत्र?

कारागीर मिळेनासे झाले की दगडकामाच्या छोट्या कारखान्यात कडा पॉलिश करणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा विषय निघतो, आणि मग चर्चा बहुतेक वेळा किंमत व हेडची (घासणारे पॅड फिरवणाऱ्या डोक्यांची) संख्या या दोन गोष्टींभोवतीच फिरत राहते. माझ्या मते त्याआधी आपली बिलबुके उघडून एकच आकडा काढावा : महिनाभरात पॉलिश केलेल्या कडांपैकी सरळ, सलग आणि एकाच घडणीच्या, म्हणजे एकाच आकाराच्या, कडा किती रनिंग फूट होत्या? सात मजली इमारतीच्या जिन्याचे काम असेल आणि मजल्याला ४ फुटी २० पायऱ्या धरल्या, तर एकाच मापाची ५६० फूट कड मिळते. याउलट इंग्रजी एल आकाराच्या ओट्याची पुढची कड जेमतेम १४ फूट भरते. शिवाय तिच्या जोडीला कोपऱ्याचा सांधा, शेगडीचा कट आणि सिंक खालून बसवायचे असेल तर त्या भोकाची आतली कडही आलीच. पहिल्या कामासाठी जे यंत्र वरदान ठरते, तेच दुसऱ्या कामात निम्मा दिवस झाकून ठेवावे लागते.

चकाकी येण्याची रीत मात्र सर्वत्र एकच आहे. कटरने पाडलेले ओरखडे ५० नंबरच्या पॅडने काढायचे (नंबर जितका मोठा तितके पॅड बारीक), ५०चे १००ने, १००चे २००ने, आणि याच क्रमाने ४००, ८००, १५००, ३००० करत शेवटी बफ, म्हणजे चकाकी आणणारे अखेरचे पॅड, मारायचा. मधला एखादा नंबर गाळला किंवा घाईने उरकला तर त्याचा ओरखडा पुढचे पॅड काढू शकत नाही, फक्त त्याच्यावर तकाकी चढवते. कारखान्याच्या मंद उजेडात तो दिसत नाही आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीतल्या तिरप्या उन्हात लगेच दिसतो. काळ्या ग्रॅनाइटवर हे सर्वांत आधी उघडे पडते.

हातमशीनची खरी ताकद म्हणजे त्याला कोणताही आकार वर्ज्य नाही. गोल टेबल, सिंकची आतली कड, जागेवर जोडलेली डबल पट्टी (कड जाड दिसावी म्हणून खाली चिकटवलेली दगडाची पट्टी), भिंतीलगतचा अडचणीचा तुकडा, सारे त्याने होते, आणि गुंतवणूकही नगण्य असते. पण दाब आणि वेग माणसाच्या मनगटावर अवलंबून असल्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या कामात फरक पडतो, आणि लांब कडेवर हात फिरवला तर हलक्या लाटा जाणवतात. पाणी सोडून चालणारे विजेचे हातमशीन वापरताना धक्का बसण्याचा धोकाही गृहीत धरावा लागतो. त्या दृष्टीने दाबलेल्या हवेवर चालणारे मशीन अधिक सुरक्षित असते.

मधला पर्याय म्हणजे एकाच हेडचे यंत्र. यात स्लॅब स्थिर राहतो आणि हेड रुळावरून कडेच्या बाजूने मागेपुढे सरकते. प्रत्येक फेरीनंतर पॅड मात्र हाताने बदलावे लागते. दाब आणि चाल ठरवून देता येत असल्याने कड सपाट आणि एकसारखी येते, मोल्डिंगचे चाक लावून हाफ राउंड किंवा फुल राउंड अशी गोलाई दिलेली कडही काढता येते. दर दिवशी वेगवेगळ्या घडणीचे काम येणाऱ्या कारखान्याला मी हेच सुचवीन, कारण घडण बदलायची म्हणजे येथे फक्त एक चाक बदलायचे असते.

पट्ट्यावर चालणारे बहुहेड यंत्र ही वेगळीच जात आहे. स्लॅब एका टोकाने आत जातो, भरड ते बारीक अशा क्रमाने लावलेली सहा-आठ किंवा अधिक हेड हवेच्या दाबाने कडेवर टेकतात, पुढे वरचा आणि खालचा चांफर (धार मोडणारा तिरपा काप) निघतो आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण झालेली कड बाहेर येते. इटलीतील कोमांदुली, मार्मो मेकानिका, मोंत्रेसोर यांची यंत्रे या प्रकारात जगभर ओळखली जातात. येथे तीन गोष्टी विक्रेत्याकडून खोदून विचारून घ्याव्यात. पहिली, यंत्राला चालणारी किमान लांबी आणि रुंदी, कारण अरुंद पट्टी व आखूड तुकडा पट्ट्यावर पक्का धरला जात नाही. दुसरी, हेड टेकण्याची आणि उचलली जाण्याची वेळ किती अचूक आहे. ती चुकली तर नेमका कोपऱ्याचा टवका उडतो किंवा कडेचा शेवटचा दोन बोटे भाग मंद राहतो. तिसरी, माहितीपत्रकातला मिनिटाला इतके मीटर हा वेग कोणत्या दगडावरचा आहे. संगमरवरातील कॅल्साइटचा कठीणपणा मोहस मापनावर ३ आणि ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झचा ७ असतो, तेव्हा मऊ दगडावरचा वेग कठीण दगडासाठी हिशेबात धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. शिवाय झिजलेले एकच हेड वेळेवर न बदलल्यास त्याच्या पुढची सगळी हेड वाया राबतात, म्हणून या यंत्रावर माणसे कमी लागली तरी जाणता माणूस लागतोच.

सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारे यंत्र, वक्र आणि आतल्या कडाही करते. पण त्याला संगणकावर आराखडा काढणारा माणूस आणि प्रत्येक घडणीसाठी चाकांचा स्वतंत्र संच लागतो. केवळ कडांसाठी ते घेऊ नये.

दगडानुसारही निवड बदलते. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये रेझिन (चिकट प्लास्टिकसारखे द्रव्य) असल्याने पाणी कमी पडले किंवा दाब जास्त झाला तर कड तापून डाग पडतो. एकसारखा दाब ठेवणारे यंत्र येथे हातापेक्षा सरस ठरते. पांढऱ्या दगडावर काळा बफ वापरला तर रंग छिद्रांत उतरतो, आणि ही चूक यंत्र अधिक वेगाने करते. एक तक्रार मात्र कोणत्याच यंत्राने मिटत नाही : स्लॅबच्या पृष्ठभागाला कारखान्यात इपॉक्सी (छिद्रे भरणारे रेझिन) पाजलेली असेल तर तो गडद दिसतो आणि ताजी कापलेली कड, कितीही चमकली तरी, फिकी दिसते. तेथे रंग गडद करणारे द्रव्यच लावावे लागते. त्यासाठी हेड वाढवून उपयोग नाही.

धुळीचा विचार खर्चाच्या यादीत शेवटी टाकू नये. कोरड्या घासणीतून उडणाऱ्या सूक्ष्म सिलिकामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही. याच कारणावरून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबवर बंदी घातली. स्वयंचलित यंत्रे पाणी सोडत घासतात आणि कामगाराचे तोंड कडेपासून दूर राहते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. मात्र त्याबरोबर गाळ बसवणारा हौद, पाणी फिरवणारा पंप, कॉम्प्रेसर, थ्री फेज जोडणी आणि स्लॅब चढवायला क्रेन हेही यंत्राच्या किमतीत धरावे लागते.

पैसे देण्याआधी आपल्याच गोदामातला सर्वांत काळा ग्रॅनाइट, एक पांढरा संगमरवर आणि नेहमीचा सर्वांत आखूड तुकडा घेऊन विक्रेत्याकडे जावे, ते तिन्ही आपल्यासमोर चालवून घ्यावेत, आणि बाहेर आलेली कड पुसून, पूर्ण वाळल्यावर, उन्हात तिरपी धरून पाहावी. ओली कड नेहमीच चकाकते.