केअर लिस्टेड जर्नल, आठ दिवसांत छपाई

“मॅडम, पेपर तयार असेल तर पाठवून द्या. केअर लिस्टेड आहे, आठ दिवसांत सर्टिफिकेटसकट हातात.” नागपुरात कॉलेजवर शिकवणाऱ्या कुणालाही हा मेसेज नवा नाही. प्रमोशनच्या फायली भरायचे दिवस आले की तो दिवसाआड येतो. मला आला तेव्हा केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) मान्य जर्नलांची यादी, अजून चालू होती. यादी असतानासुद्धा काय होऊ शकतं ते सांगते, कारण आता तीही उरलेली नाही.

मी पदवी कॉलेजात इंग्रजी शिकवते. मुलं कामठी, हिंगणा, कळमेश्वरकडून येतात, बहुतेक मराठी माध्यमाची. इंग्रजीत परिच्छेद लिहायच्या आधी त्यांना दहा मिनिटं मराठीत, म्हणजे खरं तर वऱ्हाडीत, भांडू दिलं तर लिखाणात फरक पडतो का, हे मी दोन बॅचेसच्या वह्या ठेवून तपासलं होतं. फरक पडतो, पण सगळीकडे नाही. मुद्दे वाढतात, वाक्यरचना तशीच अडखळते. इंग्रजी अध्यापनाच्या जर्नलला शोभेल असा हा छोटा, प्रामाणिक विषय होता.

मेसेज पाठवणारे सर एका रिफ्रेशर कोर्सला भेटलेले. नागपूरच्या बर्डी बाजारात थिसिसचं टायपिंग-बाइंडिंग करणाऱ्या एका दुकानात त्यांची बैठक. तिथेच गाठ पडली. “टेन्शन नका घेऊ ना मॅडम, आपलं घरचंच जर्नल समजा,” म्हणाले. मग मोबाइलवर यूजीसीच्या यादीतलं नाव दाखवलं, आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, दाखवला आणि जर्नलच्या वेबसाइटवरचा तोच नंबर शेजारी धरला. दोन्ही आठ अंक जुळत होते. “अजून एक नाव टाकता का? यूजीसीच्या २०१८ च्या प्रमोशनच्या नियमांत भाषेच्या पेपरला १० गुण, दोघं असले तर दोघांनाही ७-७. मी माणूस देतो, तो अर्धे पैसे भरतो.” हिशोब चोख होता. दोन लेखकांना प्रत्येकी ७० टक्के गुण मिळतात हे खरंच आहे, आणि त्या एका कलमावर सहलेखकपदाचा बाजार चालतो. मी दुसरं नाव टाकलं नाही. ३,५०० रुपये यूपीआयने गेले. खात्यावर संस्थेचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. पावती आली ती वर्डमध्ये टाइप केलेली.

आता तो ‘रिव्ह्यू’, म्हणजे तज्ज्ञाने पेपर तपासून द्यायचा अहवाल, बघा. तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली. सगळ्या चौकोनांत ‘एक्सलंट’ची टिक. खाली शेऱ्यात लिहिलं होतं की नमुन्याच्या द्रावणाची तीव्रता स्पष्ट करावी. द्रावण! माझ्या पेपरात बी.ए. पहिल्या वर्षाची पोरं होती. कुण्या रसायनशास्त्राच्या पेपरचा शेरा उचलून चिकटवला होता आणि वरचं शीर्षक तेवढं बदललं होतं. मी सरांना फोन केला, तर “ऑफिसवाल्या पोराची गडबड झाली, तुम्ही मनावर घेऊ नका.” दुसऱ्या दिवशी सुधारित रिपोर्ट हजर. त्यात ‘गुड वर्क, इम्प्रूव्ह ग्रामर’ एवढंच. कोणतं ग्रामर, कुठलं वाक्य, काही नाही.

अंक निघाला. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, त्यावर चार रंगांतले शिक्के. माझा पेपर पान ११२ ते ११८. नाव इंग्रजी अध्यापनाचं असलेल्या त्या जर्नलमध्ये पान ११९ ला संत्र्यावरच्या कोळशी रोगाचा पेपर होता, त्याच्या पुढे सहकारी बँकांची थकबाकी. डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) म्हणून दिलेला नंबर कुठेच उघडेना. खरा डीओआय १० या आकड्याने सुरू होतो. हा इंग्रजी अक्षरांनी सुरू होत होता, कारण तो त्यांनी घरीच तयार केला होता.

भांडं फुटलं ते कॉलेजच्या छाननीत. समितीतल्या एका मॅडमना शंका आली. केअरच्याच संकेतस्थळावर नक्कल केलेल्या जर्नलांची वेगळी यादी होती, अस्सल आणि नक्कल अशा दोन्ही पत्त्यांसकट. आमचं जर्नल तिच्यात नव्हतं, पण तपासायचं कसं ते त्यांना ठाऊक होतं. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर नंबर टाकला की जर्नलचं नाव, देश आणि माध्यम दिसतं. आमच्या नंबरपुढे माध्यम होतं फक्त छापील. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा आयएसएसएन घ्यावा लागतो. म्हणजे हा नंबर मिरवत ऑनलाइन अंक काढणारी वेबसाइट मूळ जर्नलची आहे का, याचीच शंका होती. मूळ जर्नल दुसऱ्या राज्यातून निघतं. त्याच्या संपादकांना फोन लावला. वयस्कर गृहस्थ, शांतपणे म्हणाले, “आमची वेबसाइटच नाही. अंक पोस्टाने जातो. तुमच्यासारखे फोन फार येतात हो.” वेबसाइट नाही म्हणूनच त्यांचं नाव चोरायला सोपं गेलं.

आणि नुसत्या आयएसएसएनवर जाऊच नका. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून फुकट मिळतो. नियतकालिकाची ती ओळख आहे, दर्जाचा दाखला नव्हे.

पैशाचं दुःख मी केव्हाच सोडलं. खरा फटका पेपरला बसला. छपाईआधी कॉपीराइटच्या फॉर्मवर सही घेतली होती. पेपर आता त्या साइटवर जाहीर आहे. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या जर्नलला तो द्यायचा तर ‘हा आधी कुठे प्रकाशित झालेला नाही’ असं लिहून द्यावं लागतं, आणि साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो माझ्याच नावावर माझ्याच विरोधात निघतो. पेपर काढून टाका अशी मेल केली तर उत्तर आलं, विड्रॉवल फी ८,००० रुपये. छापायला साडेतीन, पुसायला आठ. हे काही नागपुरी डोकं नाही, जगभर असंच चालतं. २०१९ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकाशनसंस्थेला ५ कोटी डॉलरहून जास्त भरायचा आदेश दिला, तेव्हा खोटं पीअर रिव्ह्यू आणि लपवलेली फी याच तक्रारी होत्या. मी ८,००० भरले नाहीत. भरल्यावर पेपर निघालाच असता याची हमी कोण देणार?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. समोरच्याने विचारलं, “पेपर छापून आला ना? मग सेवा तर मिळाली.” या धंद्याची ढाल हीच आहे. माल दिला जातो, फक्त नकली. म्हणून तक्रारीत ‘पेपर नीट छापला नाही’ असं लिहू नका. ‘दुसऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन वापरून पैसे घेतले’ असं लिहा. यूपीआयचा स्क्रीनशॉट, ते चॅट आणि आयएसएसएन पोर्टलचं पान जोडा.

इंग्रजी अध्यापनात लिहायचंच असेल तर जागा आहेत, घाई तेवढी सोडावी लागते. ऑक्सफर्डचं ‘ईएलटी जर्नल’ १९४६ पासून निघतं. नेहमीच्या मार्गाने, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे भरायच्या पद्धतीने, पेपर दिला तर तिथे छपाईचे पैसे लागत नाहीत. ‘टेस्ल-ईजे’ १९९४ पासून ऑनलाइन आहे, वाचायला फुकट आणि छापायलाही. आपल्याकडे ‘एल्टाय’ ही इंग्रजी शिक्षकांची संघटना आहे, तिचंही जर्नल आहे. अशा ठिकाणी उत्तराला महिने लागतात आणि नकार येतो. पण नकारासोबत कुणी तरी पेपर वाचल्याची खूण असते. आणि फी मागितली म्हणजे लुबाडणूकच, असंही नाही. काही चांगली, वाचायला सगळ्यांना मोफत असलेली ओपन अ‍ॅक्सेस जर्नलंही फी घेतात. ती आधी जाहीर असते आणि माणसाच्या खासगी खात्यात जात नाही. डीओएजे या निर्देशिकेत ओपन अ‍ॅक्सेस जर्नलची फी आणि परीक्षणाची पद्धत दोन्ही बघता येतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी बंद केली. जर्नल कसं निवडायचं याचे काही निकष सुचवले आणि तपासायचं काम कॉलेज-विद्यापीठांवर सोपवलं. २०१७ ची यादी, २०१८ मध्ये त्यातून ४,३०५ जर्नलं वगळणं, २०१९ ची केअर आणि आता निकष, असा हा प्रवास. यादी सदोष होती हे मला मान्य आहे. पण छाननीत बोट ठेवायला एक पान होतं, तेही गेलं. बर्डीवाल्या सरांच्या मेसेजात आता ‘केअर लिस्टेड’च्या जागी ‘ॲज पर न्यू यूजीसी नॉर्म्स’ आलंय, आणि पाच पेपर एकदम दिले तर सूट. परवा तो आमच्या स्टाफच्याच ग्रुपवर पडला. दोघांनी खाली ‘डिटेल्स प्लीज’ लिहिलं होतं. त्यांना मी तो द्रावणाचा रिपोर्ट पाठवला आहे.