गोल्फचा स्विंग रोज सारखाच यावा म्हणून: नेहमीची पद्धत की सिंगल-प्लेन?

शनिवारी सेव्हन आयर्नने (मध्यम अंतराचा लोखंडी क्लब) मारलेला चेंडू नाकासमोर जातो आणि रविवारी त्याच क्लबने चेंडूच्या चार बोटं अलीकडची माती उडते. याला कंटाळून एकच पद्धत धरून बसायचं ठरवलं असेल, तर निवड मुख्यतः दोन स्विंगमध्ये आहे. एक सगळीकडे शिकवतात तो, आणि दुसरा कॅनडाचा गोल्फर मो नॉर्मनच्या वळणाचा, म्हणजे सिंगल-प्लेन.

फरक उभं राहण्यातच दिसतो. नेहमीच्या पद्धतीत हात खांद्यांपासून सैल लोंबतात, म्हणून हात आणि क्लबचा दांडा यांच्यात कोन पडतो. चेंडूला क्लब लागतो तेव्हा मात्र हात थोडे वर आलेले असतात. जिथून निघालो तिथे आपण परत येतच नाही, आणि हा फरक दर वेळी तेवढाच राखायचा असतो. ज्यांना रोज सराव जमतो त्यांच्या अंगात तो मुरतो. नॉर्मन पाय चांगले फाकवून, हात लांब ताणून, क्लब चेंडूच्या बराच मागे टेकवून उभा राहायचा. हात आणि दांडा आधीच एका रेषेत असल्यामुळे परतीची वाट जवळजवळ तीच. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने कॅनडाची अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. चेंडू इतके सरळ जायचे की लोक त्याला ‘पाइपलाइन मो’ म्हणत.

मग सगळेच असं का खेळत नाहीत? क्लब बोटांऐवजी तळहातात धरला की मनगट कमी वळतं. सरळपणा मिळतो, पण थोडा वेग जातो, आणि उंच गवतातून चेंडू काढताना मनगटाची उणीव चांगलीच जाणवते. अमेरिकेचा गोल्फर ब्रायसन डीशॅम्बो याच कुळातला. २०२० आणि २०२४ची यूएस ओपन त्याने जिंकली आणि तो लांबही मारतो, पण त्यासाठी त्याने शरीर किती कमावलं तेही बघा. त्याची आयर्न्स एकाच लांबीची असतात. तुम्ही तसा सेट घ्यायची घाई करू नका, आहेत ते क्लब चालतात.

खरी अडचण कोचची आहे. मी हात ताणून उभा राहायचो, कोच ते खाली आणायला लावायचे, घरी येऊन मी पुन्हा वर न्यायचो. दोन महिन्यांत धड एकही पद्धत उरली नाही. कोच आवडता असेल आणि आठवड्यातून तीनदा जमत असेल, तर बेलाशक नेहमीचाच स्विंग घ्या. तो देखणा नसला तरी बिघडत नाही. जिम फ्युरिकचा क्लब वर जाऊन मोठा वळसा घेत खाली येतो, तरी २०१६मध्ये पीजीए टूरवर त्याने ५८चा राउंड (अठरा होल ५८ फटक्यांत) खेळला, कारण तो वळसा दर वेळी तोच असतो. चाळिशी उलटलेली, पाठ आखडलेली आणि आठवड्याला एकच सकाळ हाती असेल, तर मी सिंगल-प्लेनच सुचवेन.

ठरवण्याआधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गवतावर लक्ष्याच्या दिशेला आडवी चुन्याची एक रेघ ओढा; चेंडू तिच्यावरच आहे असं समजा. चेंडू न ठेवता सेव्हन आयर्नचे दहा स्विंग एका पद्धतीने, दहा दुसऱ्या पद्धतीने घ्या. दर स्विंगला रेघेच्या कडेने थोडं बाजूला सरका. गवत रेघेच्या अलीकडे उकरलं जातंय की रेघेपासून पुढे, लक्ष्याच्या बाजूला, ते मोजा. ज्या पद्धतीच्या जास्त खुणा पुढे पडतील, ती तुमची. माझ्या सिंगल-प्लेनच्या खुणा बहुतेक रेघेपुढे पडल्या होत्या.