आरव्ही-९एच्या पॅनलवरील स्विचची मांडणी : काही महिन्यांच्या उड्डाणांनंतरचा अनुभव

अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात नोंदवलेल्या विमानाचे पॅनल, म्हणजे वैमानिकासमोरचा उपकरणांचा आणि स्विचचा फलक, कसे मांडायचे, हे बहुतांशी बांधणाराच ठरवतो. आमच्या आरव्ही-९ए या घरी बांधलेल्या दोन आसनी विमानात दिसायला देखण्या अशा सरळ रांगेपेक्षा हाताच्या पोचेला मी अधिक महत्त्व दिले. खांद्याचे पट्टे आवळलेले आणि नजर बाहेर असताना हात नेमका हव्या त्या स्विचवर पडला पाहिजे, ही माझी कसोटी होती. उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत विमान उडवल्यानंतर मांडणी त्या कसोटीला कितपत उतरली, ते येथे नोंदवत आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात ज्या मॉन्टेरे उपसागराजवळून नेहमी उडतो, तेथेच 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे घरी बांधलेले लाँग-ईझी विमान कोसळले. मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये असलेली इंधनटाकी बदलण्याची मूठ त्या विमानाच्या बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथवर पोचायचे तर उजवा हात स्टिकवरून (विमान नियंत्रित करणाऱ्या दांड्यावरून) काढून अंग मागे वळवावे लागे, आणि तसे वळताना उजव्या रडरवर (शेपटीचे सुकाणू वळवणाऱ्या पेडलवर) पाय दाबला जाण्याचा धोका असे. पॅनल आखताना हा अपघात माझ्या मनात सतत होता.

आरव्हीमध्ये डाव्या आसनावरील वैमानिकाचा डावा हात स्टिकवर आणि उजवा थ्रॉटलवर (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या मुठीवर) असतो. म्हणून पॅनलच्या डाव्या कडेला मी फक्त मास्टर (मुख्य वीज), अल्टरनेटर (वीजनिर्मिती) आणि इग्निशन (इंजिनाची ठिणगी) यांचे स्विच ठेवले, कारण त्यांना एरवी जमिनीवरच हात लावायचा असतो. इंधनपंप, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) आणि लँडिंग लाइट यांचे स्विच थ्रॉटलच्या शेजारी आणले. विमानाचे पंख खाली असल्यामुळे टाक्या इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असतात. त्यामुळे उड्डाण, अवतरण आणि टाकी बदलणे या तिन्ही वेळी पंप लागतो, आणि आता पंप चालू करून तोच हात सरळ खाली टाकीच्या मुठीकडे जातो. ही सोय मला संपूर्ण पॅनलमध्ये सर्वांत मोलाची वाटते.

फ्लॅपच्या स्विचला पंखाच्या छेदासारखी टोपी आहे. दुसऱ्या महायुद्धात चाकांचा आणि फ्लॅपचा दांडा सारखाच असल्याने वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर फ्लॅपऐवजी चुकून चाके आत घेत. तेव्हा मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांनी एका दांड्याला रबरी चाक आणि दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा लावण्याचा उपाय केला. आमच्या विमानाची चाके स्थिर असली, तरी न पाहता स्विच ओळखता येणे तितकेच उपयोगी आहे.

पचेको खिंडीवरून दुपारी जाताना हवा इतकी ढवळलेली असते की लांबवलेला हात स्विचसमोर वरखाली नाचतो. त्यासाठी स्विचच्या रांगेखाली कड गोल केलेली ॲल्युमिनियमची अरुंद पट्टी बसवली आहे. अंगठा पट्टीवर टेकला की तर्जनी आपोआप पंपाच्या खरबरीत टोपीवर येते. दोन स्विचमधले अंतर 25 मिमी ठेवले आहे. त्याहून कमी ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तक्रार आहे ती ओढून सरकवण्याच्या, म्हणजे लॉक असलेल्या स्विचबद्दल. धक्का लागून इग्निशन बंद होऊ नये म्हणून ते निवडले होते. माझी पत्नीही वैमानिक आहे आणि तिच्या अंगठ्याला संधिवात आहे. थंडीच्या सकाळी तो आखूड दांडा चिमटीत धरून ओढणे तिला फार त्रासाचे होई आणि हातमोजे घातल्यावर मलाही जड जाई. आता तेथे साधे टॉगल आहेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना उभे आडकाठीचे दांडे आहेत. स्विचची पट्टी मुख्य पॅनलपासून वेगळी, स्क्रूने बसवलेली असल्यामुळे हा बदल एका दुपारी झाला. अखंड पत्र्यात छिद्रे पाडली असती तर पॅनलच नवे करावे लागले असते.

स्विचची नावे वरच्या बाजूला कोरल्यामुळे ती हाताखाली झाकली जात नाहीत. पिटो हीटच्या (वेग मोजणारी नळी गरम ठेवणाऱ्या) स्विचला मात्र अजून दिवा नाही, आणि रात्री तो चालू आहे की बंद हे बोटाने चाचपून पाहावे लागते. पुढच्या वार्षिक तपासणीच्या वेळी तेथे मंद करता येणारा पिवळा दिवा बसवणार आहे.