'द क्वीन्स ग्रीन प्लॅनेट' : राणी आणि अ‍ॅटनबरोंच्या गप्पांसाठी तरी बघाच

२०१८ ची डॉक्युमेंटरी आहे, आयटीव्ही या ब्रिटिश चॅनलची, पण जुनी म्हणून सोडू नका. राणी एलिझाबेथ आणि निसर्गावरच्या डॉक्युमेंटरींसाठी प्रसिद्ध असलेले डेव्हिड अ‍ॅटनबरो बकिंगहॅम पॅलेसच्या बागेत फिरतायत आणि झाडांबद्दल बोलतायत, मेन गोष्ट एवढीच, पण मला ते इतकं आवडलं की तेवढा भाग लगेच परत लावला.

दोघंही १९२६ चे, राणी एप्रिलमधली, अ‍ॅटनबरो मेमधले, म्हणजे शूटिंगच्या वेळी दोघांचीही नव्वदी उलटलेली. आणि ओळख काही कालपरवाची नाही. १९५८ मध्ये राणीची मुलं चार्ल्स आणि अ‍ॅन लहान असताना अ‍ॅटनबरोंनी त्यांना काकाकुवा दाखवला होता, पुढे १९८६ ते १९९१ राणीचं ख्रिसमसचं भाषण तेच प्रोड्यूस करायचे, ८६ चं तर चक्क राजघराण्याच्या तबेल्यात घोड्यांसोबत शूट केलेलं. इतकी वर्षं सोबत काम केलेला माणूस शेजारी चालतोय म्हटल्यावर राणी किती मोकळी होते ते इथे दिसतं.

सनडायलचा, म्हणजे उन्हात पडणाऱ्या सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचा सीन बघा. ते नेमकं सावलीत बसवलंय हे अ‍ॅटनबरोंना दिसतं आणि ते सरळ बोलूनच दाखवतात, आता राणीच्या घरी जाऊन असं कोण बोलेल हो, पण ती मस्त एन्जॉय करते, माळीबुवांना विचारते की आधी इथे सावली नसणार, हलवायचं का आपण हे. मधेच हेलिकॉप्टर घिरट्या घालायला लागतं तर म्हणते आवाज ट्रम्प नाहीतर ओबामा आल्यासारखा येतोय. अ‍ॅटनबरो कुठेही पुढे पुढे करत नाहीत, तिला बोलू देतात, आणि त्यांचं हे ऐकत राहणं मला सगळ्यात भावलं. पन्नास वर्षांनी हवामान बदलून ही बाग वेगळी दिसेल असा विषय निघतो तेव्हा ती म्हणते होऊ शकतं, पण मी नसेन तेव्हा. इतकं सहज म्हणते की गलबलून येतं, २०२२ मध्ये ती गेली त्यानंतर बघताना तर जास्तच.

बाकी फिल्म क्वीन्स कॉमनवेल्थ कॅनपीवर आहे, २०१५ ला सुरू झालेला प्रोजेक्ट, कॉमनवेल्थ देशांनी आपापली जंगलं राखून ठेवायची. काम खूप मोठं आहे आणि माहिती पण चांगली दिलीय, पण दोघांच्या गप्पा रंगात आल्या की कट करून दुसऱ्या देशात नेतात, नामिबियात अँजेलिना जोली वगैरे, तिथे माझं लक्ष उडालं. एडिटिंग करताना बागेला अजून वेळ द्यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

घरात झाडांचं वेड असलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत घेऊन बघा, इंग्लिश समजायला सोपं आहे. नामिबिया फॉरवर्ड केलं तरी चालेल, बागेतलं एक मिनिटही सोडू नका.